मराठी विकिपीडिया : मुक्त ज्ञानकोश कसा घडतो आणि त्यात बीड जिल्हा कोठे आहे

विकिपीडिया हा महाजालावरील मुक्त, विनामूल्य व बहुभाषिक ज्ञानकोश होय. ‘मुक्त’ या शब्दाला येथे दोन अर्थ आहेत. पहिला, हा ज्ञानकोश कोणालाही कोणतेही मूल्य न देता वाचता येतो. दुसरा आणि अधिक महत्त्वाचा, त्यातील मजकूर कोणालाही सुधारता येतो, त्यात भर घालता येते आणि श्रेय देऊन तो अन्यत्र वापरता येतो. हा ज्ञानकोश पगारी संपादक लिहीत नाहीत. जगभरातील स्वयंसेवक तो लिहितात. आज तो तीनशेहून अधिक भाषांत उपलब्ध असून मराठी ही त्यांपैकी एक भाषा आहे.

आपल्यापैकी बहुतेकांचा विकिपीडियाशी परिचय वाचक म्हणून झालेला असतो. शाळेचा प्रकल्प, भाषणाची तयारी, प्रवासाची आखणी अशा निमित्ताने आपण त्याची पाने उघडतो. परंतु ही पाने कोण लिहितो, चूक झाल्यास ती कोण दुरुस्त करतो, त्यांवर किती विश्वास ठेवावा, आणि आपल्या गावाचे पान जवळजवळ कोरे का असते, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. सदर लेखात या प्रश्नांची उत्तरे देण्याचा प्रयत्न केला असून उदाहरणे शक्यतो बीड जिल्ह्यातील घेतली आहेत.

उगम आणि पूर्वपीठिका

मराठीला ज्ञानकोशांची परंपरा नवी नाही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे २३ खंड सिद्ध केले. पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली वाई येथे ‘मराठी विश्वकोशा’चे कार्य उभे राहिले. विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला आणि विसावा खंड २०१५ साली. म्हणजे पहिल्या खंडापासून अखेरच्या खंडापर्यंत सुमारे चार दशके लोटली. या काळात जग बदलले, देशांच्या सीमा बदलल्या, विज्ञान पुढे गेले. परंतु छापून झालेला खंड बदलणे शक्य नव्हते. छापील कोशाचे हे मोठे बलस्थान आहे आणि तीच त्याची मर्यादाही आहे. त्यातील नोंद तज्ज्ञांनी तपासलेली असते, पण ती एका ठरावीक क्षणी थांबलेली असते.

संगणकयुगात या मर्यादेवर निराळा उपाय निघाला. अमेरिकेतील संगणकतज्ज्ञ वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ साली एक अशी प्रणाली तयार केली की, तीवरील पान वाचणाऱ्यालाच ते तेथल्या तेथे बदलता यावे. तिला त्यांनी ‘विकी’ हे नाव दिले. हवाई बेटांच्या भाषेत या शब्दाचा अर्थ ‘जलद’ असा आहे. होनोलुलू विमानतळावरील प्रवासी बसच्या नावावरून तो त्यांना सुचला.

पुढे जिमी वेल्स व लॅरी सँगर यांनी २००० साली ‘न्यूपीडिया’ नावाचा महाजालीय कोश सुरू केला. त्यात तज्ज्ञांनी लेख लिहावेत व अनेक टप्प्यांवर ते तपासले जावेत, अशी योजना होती. काम अतिशय मंद गतीने चालले. तेव्हा कच्चे लेख तयार करण्यासाठी त्यांनी विकी प्रणालीचा आधार घेतला आणि १५ जानेवारी २००१ रोजी विकिपीडिया सुरू झाला. साहाय्यक म्हणून आलेला हा प्रकल्प मूळ प्रकल्पाला मागे टाकून पुढे गेला. २००३ साली त्याची देखभाल करण्यासाठी ‘विकिमीडिया फाउंडेशन’ ही ना-नफा संस्था स्थापन झाली. ही संस्था संगणकयंत्रणा चालवते, देणग्या गोळा करते व कायदेशीर बाबी पाहते. लेखांत काय लिहावे हे सामान्यतः ती ठरवत नाही. विकिपीडियावर जाहिराती नसतात. वाचकांच्या लहान-मोठ्या देणग्यांवर तिचा खर्च मुख्यत्वे भागतो.

मराठी विकिपीडियाचा आरंभ १ मे २००३ रोजी, म्हणजे महाराष्ट्रदिनी झाला. तेव्हा युनिकोड लिपीत मराठी टंकलेखन करणे फार थोड्यांना अवगत होते. अनेक वृत्तपत्रांची व संस्थांची संकेतस्थळे स्वतंत्र फाँट वापरत असत. तो फाँट संगणकात नसेल तर वाचकाला निरर्थक चिन्हे दिसत. अशा काळात युनिकोड मराठीत काही हजार लेख उभे राहणे हीच मोठी गोष्ट होती. आज मराठी विकिपीडियावरील लेखांची संख्या एक लाखाच्या घरात आहे.

पाच आधारस्तंभ

विकिपीडियाचे नियम पुष्कळ आहेत. परंतु ते सर्व पाच मूलतत्त्वांवर उभे आहेत.

१. हा ज्ञानकोश आहे. ते वृत्तपत्र नाही, जाहिरातफलक नाही, व्यासपीठ नाही आणि कोणाचे गौरवपत्रही नाही.

२. लेखन तटस्थ असावे. ज्या विषयावर मतभेद आहेत तेथे लेखकाने निवाडा देऊ नये. कोणाचे मत काय आहे व त्याला आधार कोणता आहे, हे सांगावे.

३. मजकूर मुक्त आहे. येथे लिहिणारा आपले लेखन ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ या परवान्याखाली सर्वांना खुले करतो. श्रेय द्यावे आणि त्यावर बेतलेले नवे लेखनही त्याच अटींवर खुले ठेवावे, एवढीच अट असते. यास्तव दुसऱ्याचे स्वामित्वहक्क असलेले लेखन येथे उतरवून घेता येत नाही.

४. सहलेखकांशी आदराने वागावे.

५. नियम हे साधन आहे, साध्य नव्हे. ज्ञानकोश सुधारण्याच्या आड नियम येत असेल तर विवेकाने वागावे.

यांखेरीज दोन कसोट्या पदोपदी लागतात. पहिली पडताळणीयोग्यता : प्रत्येक महत्त्वाच्या विधानामागे वाचकाला तपासता येईल असा प्रकाशित आधार असावा. दुसरी, मूळ संशोधनास मनाई : लेखकाने स्वतः काढलेला नवा निष्कर्ष, तो कितीही योग्य असला तरी, प्रथम येथे प्रसिद्ध करू नये. ‘मला हे ठाऊक आहे’ हे येथे पुरेसे नसते. ‘हे अमुक ग्रंथात अमुक ठिकाणी आहे’ असे सांगावे लागते.

चावडी, धूळपाटी आणि सांगकाम्या

मराठी विकिपीडियाने आपल्या कामकाजासाठी जी परिभाषा घडवली ती मुद्दाम पाहण्यासारखी आहे. सर्वांनी एकत्र येऊन विचारविनिमय करण्याच्या पानाला ‘चावडी’ म्हणतात. नवख्याने सराव करावा, चुकावे व पुसून टाकावे यासाठी ‘धूळपाटी’ असते. जुन्या गावठी शाळांत मुले पाटीवर धूळ पसरून तीत बोटाने अक्षरे गिरवीत, त्यावरून हा शब्द घेतला आहे. तेच ते काम यंत्रवत करणाऱ्या संगणकीय आज्ञावलीला ‘सांगकाम्या’ असे नाव आहे. पाने सुरक्षित करणे, वगळणे, उपद्रवी सदस्यास प्रतिबंध करणे असे अधिकार ज्यांना समाजाने दिलेले असतात त्यांना ‘प्रचालक’ म्हणतात. प्रचालक हा संपादक नव्हे. लेखाच्या आशयाविषयी त्याचे मत इतरांच्या मताहून श्रेष्ठ मानले जात नाही.

प्रत्येक लेखाला तीन अंगे असतात. दर्शनी भागात लेख दिसतो. त्याला जोडून ‘चर्चा’ पान असते. तेथे मतभेद मांडले जातात. आणि तिसरे अंग म्हणजे ‘इतिहास’. लेखात कोणी, केव्हा, कोणता शब्द बदलला याची नोंद तेथे राहते. कोणी खोडसाळपणे मजकूर पुसला तर दुसरा सदस्य मागील आवृत्ती क्षणात परत आणू शकतो. ‘अलीकडील बदल’ या पानावर ताजे बदल सतत दिसत असतात आणि जागरूक सदस्य ते चाळत असतात. लेखाचा कोणी मालक नसतो. मात्र त्याचे राखणदार अनेक असू शकतात.

एक उदाहरण : मुकुंदराज कोणाचे?

तटस्थतेचे तत्त्व प्रत्यक्षात कसे वापरावे हे समजण्यासाठी बीड जिल्ह्यातीलच एक विषय घेऊ. ‘विवेकसिंधु’ या ग्रंथाचे कर्ते मुकुंदराज यांची समाधी अंबाजोगाई येथे आहे, असे मराठवाड्यात परंपरेने मानले जाते. ग्रंथात आलेल्या उल्लेखानुसार त्याचा रचनाकाल शके १११०, म्हणजे इ. स. ११८८ हा ठरतो. त्यामुळे मुकुंदराजांना मराठीचे आद्यकवी म्हटले जाते. परंतु विदर्भात वैनगंगेच्या काठी अंभोरा नावाचे क्षेत्र आहे आणि ग्रंथरचना तेथे झाली असे मानणारा अभ्यासकांचा दुसरा पक्ष आहे. शिवाय ग्रंथातील कालोल्लेख कितपत अस्सल आहे याविषयीही मतभेद आहेत.

आता अंबाजोगाईचा एखादा अभिमानी लेखक असे लिहील : ‘आद्यकवी मुकुंदराज हे निःसंशय अंबाजोगाईचेच होत.’ दुसऱ्या दिवशी विदर्भातील लेखक ‘अंबाजोगाई’ पुसून ‘अंभोरा’ लिहील. तिसऱ्या दिवशी पहिला परत येईल. अशा झगड्याला विकिपीडियाच्या परिभाषेत ‘संपादन युद्ध’ म्हणतात आणि ते कोणाच्याही हिताचे नसते.

योग्य लेखन पुढीलप्रमाणे होईल : ‘मुकुंदराजांच्या स्थलाविषयी दोन मते आहेत. एका मतानुसार ते बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईचे असून तेथे त्यांची समाधी दाखवली जाते. दुसऱ्या मतानुसार विवेकसिंधूची रचना वैनगंगाकाठच्या अंभोरा येथे झाली.’ प्रत्येक मतापुढे ते मांडणाऱ्या अभ्यासकाच्या ग्रंथाचा पृष्ठासह उल्लेख द्यावा. असे केल्याने अंबाजोगाईचा मान कमी होत नाही. उलट वाचकाला वाद कळतो, त्यामागचे पुरावे कळतात आणि तो स्वतः विचार करू शकतो.

हाच न्याय श्रद्धेच्या विषयांनाही लागू पडतो. एखाद्या संताच्या हातून चमत्कार घडला, असे सरळ विधान ज्ञानकोश करणार नाही; तो ‘अशी भाविकांची श्रद्धा आहे’ किंवा ‘ख्रिस्तसभेने अमुक साली त्यांना संतपद दिले’ असे लिहील. काही श्रद्धावान वाचकांना हे कोरडे वाटते. परंतु हाच नियम सर्व धर्मांच्या व सर्व विचारसरणींच्या लेखांना लागू असतो. एखादा लेख एखाद्या धर्माची टवाळी करू शकत नाही, तो याच नियमामुळे. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’विषयी लिहिताना त्याची प्रथम आवृत्ती १६१६ साली निघाली, त्याची रचना ओवीबद्ध आहे, त्यात मराठी भाषेची थोरवी गायिली आहे, एवढे आधारासह सांगितले की ग्रंथाचे महत्त्व आपोआप प्रकट होते. त्यासाठी विशेषणांची गरज पडत नाही.

बदलत्या नोंदी

छापील कोशाला जे जमत नाही ते येथे कसे साधते, हे बीड जिल्ह्याच्याच लेखावरून कळेल. जिल्ह्याच्या चतुःसीमा सांगताना जी नावे येतात त्यांपैकी तीन जिल्ह्यांची नावे थोड्याच काळात बदलली. २०२३ साली औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर व उस्मानाबादचे धाराशिव झाले. २०२४ साली अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. पुढे १७ सप्टेंबर २०२५ रोजी बीड ते अहिल्यानगर रेल्वेगाडी सुरू झाली. जिल्हा मुख्यालयाला रेल्वे नाही, हे अनेक दशके खरे असलेले वाक्य त्या दिवशी खोटे ठरले. छापील खंडात ते पुढील आवृत्तीपर्यंत तसेच राहिले असते. येथे कोणीही जागरूक वाचक ते बदलू शकतो.

मात्र घाईने केलेला बदल नवी चूकही निर्माण करतो. सांगकाम्याकरवी ‘औरंगाबाद’ हा शब्द सर्वत्र बदलून टाकला तर काय होईल? हैदराबाद संस्थानाच्या काळातील ‘औरंगाबाद सुभा’ हा ऐतिहासिक उल्लेख चुकेल. १९७७ साली स्थापन झालेल्या ‘औरंगाबाद धर्मप्रांता’चे नावही बदलले जाईल. शहराचे नाव बदलले म्हणून संस्थांची व इतिहासातील नावे आपोआप बदलत नाहीत. यंत्र शब्द बदलते. अर्थ पाहण्यासाठी माणूस लागतो.

आकड्यांच्या बाबतीतही हीच दक्षता हवी. बीड जिल्ह्याची लोकसंख्या २५,८५,०४९ आहे असे लिहिणे अपुरे आहे. ‘२०११ च्या जनगणनेनुसार’ हे शब्द सोबत हवेत. २०२१ साली व्हावयाची जनगणना पुढे ढकलली गेल्यामुळे जुना आकडा आजचा म्हणून सर्रास वापरला जातो. वर्ष नसलेला आकडा ज्ञानकोशात शोभत नाही.

विश्वास किती ठेवावा?

विकिपीडियावर कोणीही लिहू शकतो, मग त्यावर विश्वास कसा ठेवावा, हा आक्षेप तिच्या जन्मापासून घेतला जात आहे. तो निराधार नाही. अमेरिकेतील ज्येष्ठ पत्रकार जॉन सीगनथेलर यांच्या चरित्रलेखात २००५ साली कोणीतरी धादांत खोटा मजकूर घातला. केनेडी बंधूंच्या हत्येशी त्यांचा संबंध जोडला गेला. काही महिने तो तसाच राहिला. या प्रकरणानंतर इंग्रजी विकिपीडियाने नोंदणी न केलेल्यांना नवे लेख सुरू करण्यास मज्जाव केला आणि हयात व्यक्तींविषयीच्या लेखनाचे नियम कडक झाले.

त्याच वर्षाच्या अखेरीस ‘नेचर’ या विज्ञानविषयक साप्ताहिकाने विज्ञानाचे ४२ लेख तज्ज्ञांकडून तपासून घेतले. एका लेखात सरासरी सुमारे चार चुका विकिपीडियात व सुमारे तीन चुका एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकात आढळल्या. ब्रिटानिकाने या तपासणीच्या पद्धतीवर तीव्र आक्षेप घेतला. तरीही एक गोष्ट लोकांच्या लक्षात आली : तज्ज्ञांचा कोशही निर्दोष नसतो आणि स्वयंसेवकांचा कोशही टाकाऊ नसतो.

परंतु इंग्रजीला जे लागू आहे ते मराठीला जसेच्या तसे लागू होत नाही, हे येथे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. ‘पुष्कळ डोळे असले की चूक लपत नाही’ या गृहीतकावर विकिपीडिया उभी आहे. इंग्रजीत सत्तर लाखांहून अधिक लेख असले तरी त्यांवर पहारा ठेवणारेही हजारो आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटींहून अधिक आहेत. पण मराठी विकिपीडियावर नियमितपणे लिहिणारे त्या मानाने अत्यल्प आहेत. ज्या पानाकडे कोणी फिरकत नाही तेथील चूक वर्षानुवर्षे टिकते. एखादा वार्ताहर ती चूक तपासल्यावाचून बातमीत घेतो. मग दुसरा सदस्य त्याच बातमीचा आधार देऊन मूळ लेखातील चूक ‘सप्रमाण’ करतो. अशा प्रकारे असत्याचे वर्तुळ पूर्ण होते. आता तर प्रश्नांना उत्तरे देणाऱ्या संगणकीय प्रणालीही विकिपीडियातील मजकुरावर घडवल्या जातात. त्यामुळे एका पानावरील चूक सहस्रमुखांनी बोलू लागते.

लेखकांवरील दडपण हाही चिंतेचा विषय आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांविषयीच्या इंग्रजी लेखातील मजकुरावरून महाराष्ट्रात मोठा वाद झाला. महाराष्ट्र सायबर विभागाने तो मजकूर हटविण्यास सांगितले व काही संपादकांविरुद्ध गुन्हाही नोंदविला. श्रद्धास्थानांविषयी लोकभावना तीव्र असणे स्वाभाविक आहे. परंतु आक्षेप असल्यास चर्चा पानावर प्रमाणग्रंथांसह तो मांडण्याची सोय येथे आहे, हे पुष्कळांना ठाऊकच नसते.

म्हणून वाचकाने तीन सवयी लावून घ्याव्यात. लेखातील विधानापुढे आधार दिला आहे काय, हे पाहावे. तो आधार शक्य तर उघडून वाचावा. आणि वादग्रस्त विषय असल्यास ‘चर्चा’ व ‘इतिहास’ ही पाने चाळावीत. विकिपीडिया हा शोधाचा आरंभ होऊ शकतो. तो शेवट नसावा.

बीड जिल्हा : काय आहे आणि काय नाही

बीड जिल्ह्यात बीड, आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, गेवराई, माजलगाव, वडवणी, केज, धारूर, परळी व अंबाजोगाई असे ११ तालुके आहेत. परळी वैजनाथ, बीडचे कंकालेश्वर मंदिर, खजाना बावडी, धारूरचा किल्ला अशा प्रसिद्ध स्थळांविषयी माहिती मिळणे अवघड नाही. परंतु लहान गावांकडे वळले की चित्र पालटते. मराठी विकिपीडियावरील खेड्यांचे अनेक लेख एकाच साच्यातील आहेत. गावाचे नाव, तालुका, जिल्हा, आणि पुढे भौगोलिक स्थान, हवामान, लोकजीवन, प्रेक्षणीय स्थळे अशी शीर्षके. त्यांखाली मात्र बहुधा काहीच नाही. घर बांधून ठेवले आहे, पण आत कोणी राहावयास आलेले नाही, असे त्या पानांचे रूप आहे.

याचे एक कारण उघड आहे. जिल्ह्यातील लाखो माणसे दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्यांच्या जीवनात शब्दांचे एक संपूर्ण विश्व आहे. तोडणी करणाऱ्या पति-पत्नीच्या जोडीला मिळून एक ‘कोयता’ म्हणतात. आगाऊ घेतलेल्या रकमेला ‘उचल’ म्हणतात. टोळी नेणारा तो ‘मुकादम’. फडाजवळ उभारलेला निवारा ती ‘कोपी’. उसाच्या हिरव्या शेंड्यांना ‘वाढे’ म्हणतात. माणसांच्या जोडीला हत्याराच्या नावाने मोजणारा हा एक शब्दच त्या जीवनाविषयी पुष्कळ सांगून जातो. पण ज्यांना हे शब्द जन्मापासून ठाऊक आहेत, त्यांच्यापैकी किती जणांना संगणकापुढे बसण्याची सवड आहे? इतरांनी त्यांच्याविषयी लिहिले तर ते दुरून लिहिलेले असते.

येथे विकिपीडियाच्या नियमांतील खरी अडचण समोर येते. प्रकाशित आधारावाचून लिहू नये, हा नियम खोटेपणाला आळा घालतो. परंतु ज्या समाजाचे ज्ञान मुख्यतः तोंडी आहे त्याला तो दाराबाहेर ठेवतो. या प्रश्नावर विचार झालेला आहे. २०११ साली भारतातील व दक्षिण आफ्रिकेतील काही भाषांत जाणकारांच्या ध्वनिमुद्रित मुलाखतींचा संदर्भ म्हणून वापर करून पाहण्याचा प्रयोग झाला. तथापि ही पद्धत सर्वमान्य झालेली नाही. तोवर मार्ग एकच : तोंडी ज्ञान आधी कोठेतरी जबाबदारीने प्रसिद्ध व्हावे, आणि मग ज्ञानकोशाने त्याचा आधार घ्यावा. नियतकालिकांतील लेख, महाविद्यालयीन शोधनिबंध, गावाचे छापील इतिहास यांचे मोल येथे कळते.

धर्मग्रामांनाही हे लागू आहे. रौप्य वा सुवर्ण महोत्सवाच्या निमित्ताने निघालेल्या स्मरणिकांत शाळा केव्हा सुरू झाली, दवाखाना कोणी उभारला, १९७२ च्या दुष्काळात गावाने काय सोसले, अशा नोंदी विखुरलेल्या असतात. त्यांच्या थोड्याच प्रती उरतात आणि त्याही कपाटात कसर खात पडतात. त्यांची एक प्रत सार्वजनिक ग्रंथालयाला दिली तरी त्या संदर्भाला पात्र होण्याच्या मार्गावर येतात. मात्र एक मर्यादा ध्यानात असावी : संस्थेने स्वतःविषयी छापलेली स्मरणिका सनावळीसाठी उपयोगी पडते, परंतु त्या संस्थेवर स्वतंत्र लेख असावा एवढी ती उल्लेखनीय आहे, हे सिद्ध करण्यासाठी त्रयस्थ आधार लागतो. तसेच आपल्याच संस्थेविषयी किंवा आप्तांविषयी आपणच लेख लिहिणे टाळावे.

प्रारंभ कसा करावा?

ज्यांना लिहावेसे वाटते त्यांच्यासाठी काही व्यवहार्य सूचना :

१. सदस्य म्हणून नोंदणी करावी. ती विनामूल्य आहे. खरे नाव देणे बंधनकारक नाही.

२. युनिकोड मराठीत टंकलेखन शिकावे. आजकाल भ्रमणध्वनीवरही ते सुलभ आहे. जुन्या फाँटमध्ये टंकलेला मजकूर प्रथम युनिकोडमध्ये परिवर्तित करून घ्यावा.

३. आरंभ लहान दुरुस्तीने करावा. शुद्धलेखनाची चूक, बदललेले नाव, नसलेले वर्ष. सराव धूळपाटीवर करावा.

४. हाताशी एक तरी विश्वसनीय ग्रंथ ठेवावा. बीडसाठी शासनाचे जिल्हा गॅझेटियर, जनगणनेच्या पुस्तिका व मराठी विश्वकोश हे चांगले आधार आहेत.

५. मजकूर उतरवून घेऊ नये. वाचावे, समजून घ्यावे व आपल्या शब्दांत लिहावे. भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांपर्यंत त्याच्या लेखनावर स्वामित्वहक्क असतो.

६. आपण स्वतः काढलेले छायाचित्र ‘विकिमीडिया कॉमन्स’ या भांडारात देता येते. गावातील वेस, बारव, जुना वाडा, आठवडे बाजार यांची चित्रे फार मोलाची ठरतात. व्यक्तींची, विशेषतः बालकांची छायाचित्रे अनुमतीवाचून देऊ नयेत.

७. आपले लेखन कोणी बदलले वा वगळले तर राग मानू नये. चर्चा पानावर कारण विचारावे.

समारोप

अंबाजोगाईच्या दासोपंतांनी सुमारे चाळीस फूट लांबीच्या कापडावर पंचीकरणासारखा गहन विषय लिहून ठेवला. ती पासोडी सांभाळली गेली, म्हणूनच आज तिच्याविषयी बोलता येते. लिहिणे आणि लिहिलेले सांभाळणे ही दोन्ही कामे या जिल्ह्याला परकी नाहीत. मुक्त ज्ञानकोश हेही एक लांबच लांब कापड आहे. त्यावर कोणीही चार ओळी लिहू शकतो. मात्र त्या खऱ्या असाव्यात, त्यांना आधार असावा आणि दुसऱ्याने त्या पुसू नयेत यासाठी कोणीतरी जागे असावे.

बीड जिल्ह्यातील एखाद्या गावाचे पान आज कोरे असेल तर त्याचा दोष दूरच्या कोणत्याही संस्थेकडे जात नाही. ते पान भरणे गावाला ओळखणाऱ्यांच्याच हाती आहे. वाचकांनी आपल्या गावाचे पान एकदा उघडून पाहावे. त्यात एक चूक आढळल्यास ती आधारासह दुरुस्त करावी. एवढ्यानेही प्रारंभ होतो.